डावीकडची सीट

वुल्व्हरहॅम्प्टनच्या शोरूममधला डॅरेन
सगळं मलाच सांगत होता:
मायलेज, हप्ते, गरम होणाऱ्या सीटा.
आई गुडघे टेकून
सायलेन्सरमध्ये बोट घालून काजळी बघत होती.

"चालू कर," म्हणाली,
आणि बॉनेटला कान लावला.
"पट्टा चिरकतोय. दोनशे पौंड कमी कर."
अठरा वर्षं बस चालवलेल्या बाईचा कान.
डॅरेननं मुकाट पेन काढलं.

जामीन म्हणून तिची सही,
डिपॉझिट तिच्या रविवारच्या ड्यूट्यांचं.
मी नुसता
कोरं लायसन चाचपत उभा.

येताना ती डावीकडे बसली,
पर्स मांडीवर,
नसलेला ब्रेक दाबत,
प्रत्येक बसथांब्यापाशी
मान वळवून बघत
कुणी धावत येतंय का.

आणि मी, का कुणास ठाऊक,
तिथे तिथे
गाडी हळू करत गेलो.