नखभर वर

तीस वर्षं आम्ही सात हजार पंच्याऐंशी किलोहर्ट्झवर राहत होतो.
पत्ता एवढाच. दार नाही, पाटी नाही.
संध्याकाळी आठला, पातागोनियाच्या वाऱ्यात,
सतरा-अठरा घरांतले रेडिओ एकाच आकड्यावर येऊन टेकायचे,
की झालं आमचं गाव.

आधी हवा सांगायची, मग तब्येत, मग अँटेना.
भांडण झालंच तर अँटेनावरून.
ट्रेलेवच्या ग्वेनिथबाईंनी केकची कृती
एकदा मोर्समध्ये पाठवली.
चार अंड्यांचा शेवटचा डॅश खरखरीत तुटून डॉट झाला,
द्रागो अजूनही पाच घालतो.

मग रिओ गायेगोसच्या रस्त्यांवर नवे दिवे लागले.
पांढरे, स्वस्त,
आणि अंधार पडला की नेमके आमच्या आकड्यावर गुणगुणणारे.
जेवायच्या वेळी कुणी रोज
पानात वाळू भुरभुरवावी तसे.

नेलिदाने मत घेतलं. ठरलं:
पंचेचाळीस वर जायचं, सात हजार एकशे तीस.
डायलवर नखभर अंतर.
ट्रक नको, दोर नको, खोकी नकोत.
तरी त्या रात्री मी टेबल पुसलं,
लॉगबुकात आडवी रेघ मारली,
आणि बटण फिरवताना
घर रिकामं करून शेजाऱ्याकडे किल्ली देताना होतं
तसं काहीतरी पोटात झालं.

नवी जागा शांत होती. फारच शांत.
भिंतींना अजून खिळे नसल्यासारखी.
हजेरी सुरू झाली.
ट्रेलेव, हजर.
पोर्वेनिर, हजर.
एउलोहिओ बारिआ.
एउलोहिओ?

तो ऐकत होता. बोलू शकत नव्हता.
त्याचा ट्रान्समीटर स्वतः बांधलेला, एका क्रिस्टलवर चालणारा:
क्वार्ट्झचा पातळ तुकडा, कोटाच्या गुंडीएवढा,
आणि त्या गुंडीला जन्मभर एकच आकडा ठाऊक.
मेंढ्या, तारेचं कुंपण, शेजार चाळीस किलोमीटरवर.
आम्ही सगळे उठून गेलो
आणि तो जुन्या जागी, दिव्यांच्या गुणगुणीत,
हजर, हजर म्हणत राहिला.

मग मी दोन बिऱ्हाडं सांभाळली.
त्याचं नाव आलं की सगळे थांबायचे.
मी खाली उतरायचे, कान लावायचे,
वाळूतून चार शब्द वेचायचे,
आणि वर येऊन ओतायचे:
वारा पश्चिमेचा. कुत्री व्याली. ग्वेनिथला नमस्कार.

द्रागो म्हणाला, वर्गणी काढू, नवा रेडिओ पाठवू.
हे मी खाली पोचवलं. खालून उत्तर आलं:
"बघतो."
त्याचं बघतो म्हणजे नाही,
हे आम्हाला तीस वर्षं पाठ.

या वेळी नव्हतं.
त्याने क्रिस्टल उघडला,
आरशाच्या तुकड्यावर टूथपेस्ट घेतली
आणि घासायला बसला.
क्वार्ट्झ झिजतो तसा आकडा वर चढतो.
पाच वळसे, पुसायचं, बसवायचं, मोजायचं.
पुन्हा पाच.
नऊ रात्री.
दहाव्या रात्री ब्याऐंशी वर्षांचं बोट
एक वळसा जास्त फिरलं.
सात हजार एकशे अडतीस.
आमच्याही आठ पुढे.
आणि झिजलेलं परत भरता येत नाही.

मला कळलं ते योगायोगाने.
आठला पाच कमी होती, बाहीने डायल सरकला,
आणि तिथे, स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज:
"हजर. पण बहुतेक मी पुढे निघून आलो."

मी मत घेतलं नाही.
एकशे तीसवर जाऊन फक्त आकडा सांगितला.
नेलिदाने सुद्धा का म्हणून विचारलं नाही.
बटणं फिरल्याचा आवाज हवेत येत नाही,
एकेक श्वास तेवढा कमी होतो
आणि शेवटी आपण रिकाम्या खोलीत उभं असतो.

मी पोचले तेव्हा
एउलोहिओ हजेरी घेत होता.
नावं पाठ होती त्याला, क्रमासकट.
माझं सगळ्यात शेवटी आलं.