दम धरणारा

ग्युम्रीत, मोजे विणायच्या बंद कारखान्याच्या तळघरात
मंगळवारी आणि शुक्रवारी पाच जणांची तालीम असते.
न्वार्द पियानोवर. तिची बोटं कॉन्झर्व्हेटरीत घडली
आणि हॉटेलांतल्या रात्रींनी बिघडवली, असं तीच सांगते.
चेलो रुझानचा. कॉन्ट्राबास झिरायरचा,
तो मार्सेयहून आला
आजोबांचं आडनाव आणि मोडकं आर्मेनियन घेऊन.
तारोन दुदुक फुंकतो : दीड वीत जर्दाळूचं लाकूड,
तोंडाशी अराक्सकाठच्या बोरूची चपटी जीभ.
आणि त्याच्या शेजारी, दुसरा दुदुक घेऊन,
मुशेघ.

मुशेघ एकच सूर धरतो.
नाकानं श्वास आत, गालांतून बाहेर,
मध्ये शिवण दिसत नाही.
चाळीस वर्षं. लग्नांत, मयतांत,
आणि भूकंपानंतरच्या त्या डिसेंबरात,
जेव्हा कुणाच्या दारी आधी जायचं
हे विचारायलाही दार उरलं नव्हतं.

त्याला तिथे दमकश म्हणतात. धरलेल्या सुराला, दम.
आपलाच शब्द. कुठल्या काफिल्याबरोबर
कुठून कुठे गेला, कोण जाणे.
आपण दम देतो बिर्याणीला, पोरांनाही;
चिलमीवर मारतो, चौथ्या मजल्यावर खातो;
मुशेघ फक्त धरतो.

न्वार्दची नवी रचना सात मात्रांची, मधेच अकरा होते,
आणि त्यात जॅझचे कॉर्ड, दर दोन मात्रांनी बिऱ्हाड हलवणारे.
मुशेघचा सूर त्यांच्यात
भाड्याच्या खोल्यांमधून फिरवलेल्या एकाच कपाटासारखा :
कुठे बसतो, कुठे दार अडवतो.
झिरायर म्हणाला, यंत्रात भरून ठेवू.
पायाखाली खटका. दाबला की सूर, नको तेव्हा गप्प.
कोणी हो म्हणालं नाही. नाहीही म्हणालं नाही.
मुशेघनं त्या खटक्याकडे पाहिलं,
मुलगी बघायला आलेल्या पोराच्या बुटांकडे
बाप पाहतो तसं.
दुदुक पुसला, मफलरीत गुंडाळला, जिना चढून गेला.

यंत्राचा सूर आला. धाप नाही, थुंकी नाही,
मापात, चोख.
शेगडी त्या दिवशी पेटलीच नव्हती.
गारठ्यात तारोनचा सूर उतरू लागला,
केसभर, मग अजून अर्धा केस,
आणि सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं की तो उतरतो.
नेहमीच उतरायचा. थंडीत, थकल्यावर,
आईचा फोन येऊन गेलेल्या दिवशी.
मुशेघ काही न बोलता त्याच्याबरोबर उतरायचा,
आणि आपल्याला वाटायचं, जमीनच तिथे आहे.
यंत्र वरच उभं राहिलं. बरोबर.
तारोन खाली, एकटा, बेसूर.
रुझाननं गज मांडीवर ठेवला.

न्वार्द वर गेली तेव्हा तो खोक्यावर बसून
सूर्यफुलाच्या बिया सोलत होता
आणि एका टॅक्सीवाल्याशी बटाट्याच्या भावावरून भांडत होता.
ती म्हणाली, मी कॉर्ड कमी करते.
तो म्हणाला, करू नकोस.
कुठे निघालीस तेवढं आधी सांगत जा.
मी काही यायचा नाही.
पण माहीत असलं तर नीट थांबता येतं.
टॅक्सीवाला म्हणाला, हे मात्र खरं,
आणि बटाट्यांवर परत आला.

झिरायरनं मग कारखान्याच्या जुन्या पावत्यांमागे
बाण काढून दिले : इथून इथे, इथे वळण, इथे घर.
मुशेघला चष्म्याशिवाय दिसेनात.
तारोननं त्याला मोठ्यानं वाचून दाखवले, दोनदा,
पत्र वाचावं तसे.

यंत्राची वायर कुणी काढली नाही.
तांबडा दिवा कोपऱ्यात जळत राहिला.
मुशेघचे गाल फुगले.
सूर आला, किंचित खरखरीत, बियांच्या मिठाचा,
आणि न्वार्द त्याच्यावरून दूर गेली, अजून दूर,
एकदाही मागे न बघता.
अकराव्या मात्रेवर सगळं सांडलं.
रुझान हसली. पुन्हा.
पुन्हा सांडलं.