चाक धरून उभा माणूस

सावद्याला, केळी पिकवायच्या चेंबरमध्ये,
सोळा अंशांवर,
मी सायकल चालवतो.
गॅस सोडायच्या आधीचा एक तास माझा.
बाहेर मार्च चाळिशीकडे सरकतोय,
आत चारी बाजूंना हिरव्या फण्यांचे क्रेट,
मध्ये रोलरवर गरगरणारी दोन चाकं,
आणि कालच्या गॅसचा गोडसर वास.
त्यात मला उत्तर फ्रान्सचा पाऊस कल्पायचाय.

पॅरिस-रुबे. शनिवारी आम्ही, रविवारी ते.
आम्ही म्हणजे हौशी, सत्तर किलोमीटरवाले,
आणि ते म्हणजे ते,
ज्यांच्या तोंडावरचा चिखल
आम्ही तेरा वर्षं फोनच्या काचेवर पुसून पाहतोय.

यामिनी झोपे, पतपेढीची कॅशियर,
युरोचा भाव रोज फळ्यावर लिहिते,
केळीच्या भावाखाली.
केळी चढली की आपण रुबेजवळ,
युरो चढला की परत बऱ्हाणपूरला.
उभं कुठं राहायचं तेही तिनंच ठरवलंय.
नकाशात एक चौक आहे,
नावाचा अर्थ निघतो झाडाचा चौक.
म्हणजे आपला वडफाटाच, ती म्हणाली,
आणि पेन्सिलीनं तीन ठिपके दिले.

व्हिसाच्या अर्जात प्रवासाचा हेतू विचारतात.
दगडांवर हाडं खिळखिळी करून घेणे
असा रकाना नव्हता. पर्यटन लिहिलं.

आईनं विचारलं, जिंकनाऱ्याले काय भेटतं?
दगड, म्हटलं. रस्त्यातलाच, चौकोनी.
ती भाकरी थापायची थांबली.
आन् आपल्या सुकीत काय कमी पडले व्हते?

शेठनं रजेच्या अर्जावर सही करता करता विचारलं,
किती वेळ दिसतात रे ते?
आघाडीचे? चाळीस सेकंद.
त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला.
म्हणजे एका सेकंदाला...
शेठ, केळही एकदाच निसवते.
त्यांनी कॅल्क्युलेटर तसाच ठेवला, आकडा न पुसता.

तिसरा ठिपका निसार मिस्तरीचा.
फैजपूरच्या स्टँडमागं दुकान, पत्र्याचं.
माझी दोन्ही चाकं त्यानं विणलीत,
एकेक तार बोटानं छेडून,
कान जवळ नेऊन, डोळे मिटून.
पण शाळेच्या दाखल्यावर एक साल, आधारवर दुसरं.
पासपोर्टची फाइल दोनदा परत आली.
तो हसला: दोनदा जन्मलो भो,
अन् एकदाबी फिराले गेलो नाही.

मग केळीचेच खोके कापून
त्यानं सायकलची पेटी बांधली.
एका बाजूला घडाचं चित्र, वर बाण:
ही बाजू वर.
टायरमधली हवा किती काढायची ते
चिठ्ठीवर लिहिलं. पाऊस असेल तर वेगळी चिठ्ठी.

नकाशावरचा ठिपका यामिनीनं खोडला नाही.
मीही रबर मागितला नाही.

काल संध्याकाळी त्यानं पाल रस्त्यावर बोलावलं,
ट्रकांनी फोडलेल्या त्या वळणावर,
जिथं सराव फुकट होतो.
तिथं म्हणे माणसं चाकं घेऊन उभी असतात,
आपल्या गड्याचं पंक्चर झालं तर.
ते कसं असतं बघू दे.

सातपुड्यामागं उजेड तांबूस होत होता.
मी खालून येताना पाहिलं:
खडीच्या ढिगावर निसार,
दोन्ही हातांनी चाक डोक्यावर धरलेलं.
एक ट्रक थांबला, लिफ्ट हवी का म्हणून.
त्यानं मान हलवली, चाक खाली घेतलं नाही.

मांड घट्ट धरून मी खड्ड्यांत घुसलो,
दात वाजले, बाटली उडून गेली.
थांबू नको, तो ओरडला, तुझं पंक्चर नाहीये!

थांबलो नाही.
पुढच्या वळणाला मागं पाहिलं तेव्हा
ट्रकच्या धुळीत माणूस दिसत नव्हता,
नुसतं चाक दिसत होतं, वर धरलेलं,
आणि वाऱ्यानं हळूहळू फिरणारं.