रकाना सहा

अर्जात सहावा रकाना होता : जमीन कुठे आहे.
मी पेन उघडून बसले.
धाकलूकाका समोरच्या सड्याकडे बघत राहिला,
कुणी भूक कुठल्या ताटात आहे विचारावं, तसा.

"यंदा म्हणशील तर घुबडटेकावर," तो म्हणाला.
"त्याच्या आदी आंब्याचा दांड.
त्याच्या आदी शेंबडी खोरी, तितं नाचणी बसली न्हाई,
वरी मातुर लई झाली.
तू माळ्यावरनं पडलीस त्या साली बायजाचं रान..."
अशी सहा नावं. दोन-दोन सालं एकेकाला,
मग परत पहिलं.
रकाना बोटभर.

मोजणीला आलेला पोरगा चांगला होता.
कोरा चहा प्याला, चप्पल हातात घेऊन ओढा ओलांडला.
चालू तशी त्याच्या मोबाईलवर हिरवी रेघ उमटत गेली.
तीन ठिकाणी थांबून म्हणाला,
इथे काहीच नाही हो, पडीक आहे.
काका खाली बसला,
कारवीच्या बुडात हात घालून मूठभर काळं बाहेर काढलं,
कुजका पाला, त्यात एक गोम.
"पडीक न्हवं. निजलंय."
पोराने यादी वरखाली केली.
असा पर्याय नव्हता.

सहा नावं, पण जागा आता चारच.
बायजाचं रान बॉक्साईटच्या गाड्यांतून गेलं,
वरच्या भाटल्यावर काचेच्या खोल्या झाल्या,
रात्री तिथे पाण्यात निळे दिवे लागतात.
चाराचे आठ. आणि कारवी फुलते आठव्या साली.
पूर्वी ती फुलून, बी सांडून, वाळून जायची,
मग कोयता लागायचा.
आता फुलायच्या आधीच लागतो.
हे काका मोठ्याने बोलत नाही.
मी हिशेब केला, एस्टीत, तिकिटाच्या मागे.

आठवड्याचे सहा दिवस मी गोकुळ शिरगावात
नाचणीची बिस्किटं पुड्यात भरते.
पुड्यावर डोंगर छापलाय, निमुळता, पेन्सिलीसारखा.
आमच्याकडचा एकही तसा नाही.
शेठ म्हणाले, गावी पिकते ना तुमच्या?
दर वर्षी वीस पोती द्या, शाहूपुरीपेक्षा चार रुपये जास्त.
मी फोन लावला. काका रेंजसाठी पारावर चढला.
"दर वर्साला?" म्हणाला,
आणि मग बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.

बिरूचंही खरं आहे, चुलतभाऊ माझा.
काजू लावू म्हणतो. काजू एका जागी उभा राहतो,
त्याचा सातबारा होतो, त्याच्यावर कर्ज मिळतं,
गवा त्याला तोंड लावत नाही.
त्याची थोरली गारगोटीच्या होस्टेलात आहे.
नववीची फी दोन सालं निजत नाही.

रकान्यात मी चारी नावं लिहिली,
बारीक अक्षरात, समासात शिरून, पाठपोट.
पावसाळ्यानंतर अर्ज परत आला,
सहाभोवती लाल गोल : एकच जागा नमूद करावी.
काकाने तो उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला.
"ऱ्हाऊ दे आता," म्हणाला.
"दोन सालांनी परत भरू."

अर्ज माझ्याच पिशवीत आहे.
घुबडटेकाच्या कडेला बिरूने काजूची अकरा रोपं लावलीत.
काल फोनवर म्हणाला, रोज सांजेला
म्हातारा तिथे जातो, काय करतो कळत नाही,
पण माती ओली असते.