दूध बाजारात राहून

दूध बाजारात राहून दूध सोडलं
म्हणजे डोकं फिरलंय हिचं,
तस्नीमभाभी जिन्यातच म्हणाल्या,
आणि दहीपुलावरून जाताना डोळे मिटतेस का गं,
असं विचारून स्वतःच हसल्या.

हाडं ठिसूळ होतील, म्हणाली मंदाआत्या,
जिचं खुब्याचं हाड साठ वर्षं तूप खाऊन
गेल्या दिवाळीत न्हाणीघरात मोडलं.
मी हसले नाही.
दवाखान्यात तिचा डबा मीच नेत होते.

मग रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह एकशे बेचाळीस.
डॉक्टर खैरनारांनी चष्म्यावरून पाहिलं,
"मटकीत हे नसतं. मिसळ कितीही खा."
खरं आहे. सुया घेतल्या,
तळपायाच्या मुंग्या गेल्या, कबूल.
एवढंच, की त्यांच्या टेबलावर
दूध पिणाऱ्यांचेही तसलेच कागद पडले होते
आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

मोहाडीचे दाजी पाण्याचा हिशेब मांडतात.
तुझे बदाम कोणत्या देशाचं पाणी पितात?
तुझ्या सोयासाठी कुणाचं रान तुटलं?
विचारतात बागेत उभं राहून, ठिबकच्या नळीवर पाय,
मागे बोटीवर चढायला निघालेल्या द्राक्षांच्या पेट्या.
बदाम मला परवडत नाहीत, दाजी.
शेंगदाणे भिजवते, तीळ वाटते,
चहा कोरा पिते. वाईट लागतो.
पण माझी नवी चप्पल रेक्झिनची आहे;
गोदेच्या पुरात गेली
तर माझ्या नातवंडांनंतरही
कुठल्यातरी काठाला तशीच सापडेल.
हे दाजींना अजून सुचलेलं नाही.
मी सुचवत नाही.

हरकत घेतली नाही ती एकट्या सुखदेव पिंगळ्यानं.
मखमलाबादचा. अकरा वर्षं त्याचाच रतीब.
त्याच्याच गोठ्यात पाहिलं होतं मी
पेंढा भरलेलं रेडकू,
पोटावर सुतळीची शिवण,
डोळ्यांच्या जागी काही नाही.
म्हैस ते चाटत होती
आणि पान्हा सोडत होती.

महिनाअखेरीला हिशेब मिटवायला आला.
पायरीवर टेकला, पाणी प्यायला.
"ताई, तुमचं बरोबरच असंल.
पण ती रोज चाटती त्याला.
काढून टाकू का?"

प्रथिनांचं उत्तर मला पाठ आहे.
कॅल्शियमचं आहे, बदामांचं आहे.
मी नोटा मोजत राहिले, मग पुन्हा पहिल्यापासून.

त्याच्याकडे बारा रुपये जास्त गेले.
त्यानं मोजले नाहीत.
मीही मागितले नाहीत.