दुसऱ्या दाबाला

पहिल्या दाबाला पाय खाली जातो,
सरकी काढलेल्या कापसात जावा तसा,
थेट पत्र्यापर्यंत.
दुसऱ्या दाबाला पेडल अर्ध्यावर थांबतं,
आतून कुणी खांदा दिल्यासारखं.

"हवा हाये," यादोराव मिस्त्री म्हणतात
आणि विडी कानावर ठेवतात.
ब्रेक ऑइलाजवळ विडी नाही,
हा त्यांचा एकुलता एक धर्म.

गाडी अठ्ठेचाळीसची फोर्ड.
हिंगणघाट रोडच्या बंद जिनात
सतरा वर्षं रुईच्या धुळीखाली पडलेली.
मी तिचं छप्पर कापलं, बॉनेट काढून टाकलं,
काँटेसाचं इंजिन बसवलं,
पुढच्या चाकांना जिप्सीच्या डिस्क.
गावानं नाव ठेवलं, भूतबंडी.
धावणं आधी जमलं तिला.
थांबणं राहिलं.

परवा नाल्याच्या उतारावर
समोरून झिंगराजीची बंडी आली.
मी पाय मारला, मारला, पुन्हा मारला.
तिसऱ्याला गाडीनं धरलं,
तेव्हा डाव्या बैलाचा श्वास
माझ्या काचेवर उमटला होता.
झिंगराजी काही बोलला नाही.
उतरला, बैलाच्या मानेवर हात ठेवून
बराच वेळ उभा राहिला.

तर आज चिंचेखाली.
डोमा सीटवर, नऊ वर्षांचा,
पाय पुरत नाही म्हणून पाठीशी गव्हाचं अर्धं पोतं.
मी चाकाशी, हातात आठचा पाना.
नळीचं एक टोक नटाला,
दुसरं खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.

"दाब."
"दाबला."
"धर. सोडू नोको."
नट पाव आटा उघडते.
जुन्या मधाच्या रंगाचं तेल येतं,
एक बुडबुडा, मग तीन बारके,
मग नुसतं तेल.
नट बंद. "सोड."
चारही चाकं, लांबच्यापासून जवळच्यापर्यंत,
दोन डबे तेल,
आणि पेडल तसंच, कापूस.

यादोराव मास्टर सिलिंडरखाली बोट फिरवतात,
बोटाचा वास घेतात. कोरडं.
मागचे ड्रम आवळून पाहतात.
रबरी नळी मुठीत धरतात, डोमाला दाबायला लावतात,
दाणे खाल्लेल्या कोंबडीचा गळा चाचपावा तशी.
फुगत नाही.
चिंचेची सावली गाडी सोडून
शाळेच्या भिंतीवर जाते.

मग ते पुढच्या डाव्या चाकासमोर उकिडवे बसतात.
हातात काही नाही. नुसते पाहतात.
"पोट्टे, हवा कुठं जाते?"
"वर."
"अन् तुहा नट?"

नट खाली होता.
दोन्ही चाकांना खाली.
डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे.
मीच बसवले होते, पौषातल्या रात्री,
लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात,
सकाळी शंकरपटात गाडी दाखवायची म्हणून.
इतके दिवस मी तळातून तेल काढत होते
आणि हवा वर पाठ टेकून बसली होती.

आता बोलतील, वाटलं.
त्यांनी विडी या कानावरून त्या कानावर नेली.
"म्याबी लावले होते असेच. एका फियाटीले."
"मंग?"
"मंग काय. कुंपण होतं म्हणून."

अदलाबदल करायला तास गेला.
या खेपेला बाटलीत उचकी आली,
एकच, लिंबाएवढी,
आणि सीटवरून डोमा ओरडला,
"ताई, पाय खाली जाऊनच नाही राह्यला!"
यादोराव रस्त्यापलीकडे गेले
आणि तिथं जाऊन त्यांनी विडी पेटवली.

संध्याकाळी नाल्याचा उतार.
पहिल्याच दाबाला गाडी उभी,
झिंगराजीच्या बंडीपासून वीस हात अलीकडे.
तरी डावा बैल
एक पाऊल मागं सरला.
त्याला कॅलिपरचं
कुणी काही सांगितलेलं नव्हतं.