सुतळी

फोनवर आधी शांतता येते.
मग घसा साफ केल्याचा आवाज, मग:
"आम्ही दोघं जेन्ट्स आहोत. चालेल ना?"
मी विचारतो, व्हेज की नॉनव्हेज,
कारण कोंबडी आदल्या दिवशी सांगावी लागते धसईला.
पलीकडे कुणीतरी हसतं, किंवा हसायचं राहून जातं,
आणि खोली ठरते.

गोरखगडाचा सुळका समोर ठेवून यायचं,
पिठाच्या गिरणीपाशी तो झाडीत बुडतो, तिथं वळायचं.
पाच खोल्या, एक बोअर, एक मोटर
जी फक्त श्रीरंगचं ऐकते.

ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर आमची दोघांची नावं आहेत.
माझ्यापुढे मालक, त्याच्यापुढे भागीदार.
ग्रामसेवकाला धंद्यातला म्हणायचं होतं.
आम्ही दुरुस्ती मागितली नाही.
इतका नेमका शब्द सरकारी शाईत
पुन्हा कधी मिळाला असता?

नोंदवहीत मात्र एक रकाना होता: नाते.
नाव, पत्ता, आधार क्रमांक सरसर उतरायचे
आणि तिथं येऊन पेन हवेत थांबायचं.
चुलतभाऊ. मावसभाऊ. ऑफिसमधले.
ऐरोलीच्या दोघी आल्या, एकीनं लिहिलं नणंद-भावजय,
दुसरी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.
सहा वर्षांत एवढे चुलतभाऊ राहून गेले
की एखादी भावकी कमी पडावी.
नवी वही छापायला टाकली तेव्हा
मुरबाडचा प्रेसवाला म्हणाला, नात्याचा रकाना राहिला तुमचा.
राहू दे, म्हटलं.
मग त्या जागी?
त्या जागी, सकाळचा चहा किती वाजता, ते छाप.

पण सांगायचंय ते हौसाबद्दल.
हौसा दरवडा, ठाकूरवाडीतून सातला येते,
पाटीत कधी लाकडं, कधी शेवळं.
आमच्या दोघांविषयी तिनं एक शब्द विचारलेला नाही.
मी धरून चाललो होतो की तिला कळत नाही.
हे माझं शहाणपण, ठाण्यातून येताना सामानात आलेलं.

खोल्यांत सुटे पलंग आहेत, दोन दोन,
जुन्या दवाखान्याच्या लिलावातले, लोखंडी.
रात्री ते ओढून जवळ आणले जातात.
पहाटे, हौसा यायच्या आत, पुन्हा लांब.
शहाबादीवर ओरखडे पडले,
चार रेघा इकडून तिकडे, चार तिकडून इकडे.
मी बघायचो आणि काही बोलायचो नाही.
मीही ओढलेत तसे पलंग, नाशकात, अलिबागला,
आणि दुसऱ्या पलंगावर मुद्दाम लोळून
चादर चुरगाळून ठेवलीय, कुणीतरी झोपलं होतं अशी.

पौषात म्हशाच्या जत्रेतून ती पाच घोंगड्या घेऊन आली,
आणि सुतळीचं एक बंडल, जे मी सांगितलं नव्हतं.
दुपारी मी हिशेबाला बसलो असताना
एकेका खोलीत जाऊन तिनं पलंगाचा पाय पलंगाच्या पायाशी बांधला.
दाव्याची गाठ. ओढली की आवळते.
वर दोन्ही गाद्या, त्यांवर एकच घोंगडी, आडवी.
मी दारात. ती वाकलेलीच.
"फरशी खराब होते," म्हणाली,
"अन् पहाटंची ती खरखर. पाव्हण्यांची झोप कुठं होते मंग?"

पाचही खोल्या झाल्या.
उरलेली सुतळी मनगटाला गुंडाळत ती जिन्याकडे बघत राहिली.
"वरचे?"

वर एकच पलंग आहे, मी म्हणालो.
मोठ्यानं, आयुष्यात पहिल्यांदा, कुणालाही.

"बरं," म्हणाली,
सुतळी खिळ्याला अडकवली
आणि घाईनं चुलीकडे गेली.
वाल लागायला आले होते.